तीन नंबरचं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मशीनसाठी आहे, माझ्यासाठी नाही. मला लिहायची हौस नाही. पण मशीनबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक कुणीतरी हरवून बसलंय आणि बटणांवर नुसते नंबर आणि चित्रं आहेत. एक पीस, एक फूल, एक लोकरीचा गुंडा, आणि एक चित्र बदकाचं आहे की इस्त्रीचं, हे दोन आठवडे झाले तरी ठरलेलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकेक बटण दाबून बघावं आणि काय होतं ते लिहून ठेवावं.

पुढेमागे माझ्या जागी कुणी आलं तर तिच्यासाठी सांगते. हे वृद्धनिवास आहे, बेचाळीस खोल्यांचं. धुलाई तळघरात. दोन वॉशिंग मशीन, दोन ड्रायर, एक लांब टेबल, एक इस्त्री आणि मी. आधी मी एकवीस वर्षं ड्रायक्लीनच्या दुकानात होते. मालक थकला, दुकान बंद झालं, आणि त्रेपन्नाव्या वर्षी माझी पुन्हा उमेदवारी सुरू झाली.

इथला नियम एकच आणि तो भिंतीवर लावलाय: सर्व कपडे क्रमांक तीनवर. म्हणजे साठ अंशांचं पाणी, जोरात पिळणं, मग ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर सत्तर मिनिटं. चादर असो, टॉवेल असो, नाहीतर कुणाचा रेशमी रुमाल असो. सब घोडे बारा टक्के. नियम व्यवस्थापकांचा. ते दर वाक्याला घड्याळ बघतात, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना मिनिटसाहेब म्हणतात.

मी नवीन आहे. महिनाभर तोंड मिटून राहीन असं घरी ह्यांना वचन दिलंय. "तू? महिनाभर?" असं म्हणून हे चहा सांडेपर्यंत हसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एक पाप केलं. लिहायचं तर खरं लिहायला हवं.

नऊ नंबरच्या टोपलीतून एक आकाशी कार्डिगन आलं. हातानं विणलेलं, शुद्ध लोकर, गळ्याजवळ बारीक जाळीची वीण. असं काम एकवीस वर्षांत चारदा पाहिलं असेल. हातात घेतल्याबरोबर कळलं की हे तीन नंबरवर टिकायचं नाही. ह्याला थंड पाणी हवं, लोकरीच्या गुंड्याचं, सात नंबरचं बटण हवं, पिळणं अगदी नावापुरतं. ड्रायर तर नकोच, टॉवेलवर आडवं पसरून सुकवायचं.

हे सगळं मला माहीत होतं, आणि मी ते तीन नंबरवर टाकलं. कारण मिनिटसाहेब दारात उभे होते.

ड्रायरमधून निघालं ते सहा वर्षांच्या मुलीला बसेल एवढं, आणि हाताला पायपुसण्यासारखं. मी साहेबांना दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. त्यांच्या स्वतःच्या स्वेटरच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर चढलेल्या होत्या.

"जंतू मेले ना?" ते म्हणाले. "झालं तर मग."

६ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ नंबरकडे गेले. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवून दिलं असतं तरी चाललं असतं, पण मग झोप लागली नसती.

ही बाई ऐंशीच्या पुढची, पाठ ताठ. जन्मभर शिवणकाम केलेली, स्वतःचं दुकान होतं. इथे सगळ्यांना आजी-आजोबा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मी दारातूनच "आजी" अशी हाक मारली.

"मी कुणाची आजी नाही. लग्नच केलं नाही. बाई म्हण."

"बाई, मी खालची, धुलाईतली. तुमचं कार्डिगन आटलं माझ्याकडून."

तिनं नुसता हात पुढे केला. माझ्याकडे बघायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, तोंड खिडकीकडेच. कार्डिगन मांडीवर घेतलं, बाही ताणून धरली आणि वितीनं मोजली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खोलीत टेप नसेल? पण नाही, हातानं मोजून दाखवायचं! आम्ही किती मोठे कारागीर ते कळायला हवं ना दुसऱ्याला.

"सव्वा वीत," ती म्हणाली. "दोन वीत चार बोटं होती."

"चूक झाली, बाई."

"लोकर आहे हे कळलं नव्हतं तुला?"

"कळलं होतं."

"मग चूक म्हणू नकोस. कुठलं बटण दाबलंस?"

"तीन."

"आणि दाबायचं कुठलं होतं?"

"सात."

"मग सात का नाही दाबलंस?"

मी तिथून निघाले. जिन्यावरून उतरताना आधी तिचा राग आला, की मला उलटतपासणी करणारी ही कोण? तळघरात पोचेपर्यंत तो राग फिरून माझ्यावरच आला. एकवीस वर्षांत मी एकही कपडा बिघडवला नव्हता, आणि इथे एका माणसाच्या घड्याळाला भिऊन बिघडवला.

वचन गेलं चुलीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता माझं फर्मान.

चादरी, टॉवेल, आतले कपडे आणि आजारी माणसांचं सगळं: तीन नंबर. ह्यात मिनिटसाहेब बरोबर आहेत आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. रंगीत सुती: फुलाचं बटण, तीस अंश. गडद रंग: थंड पाणी, कपडा उलटा करून. नाजूक आणि रेशमी: पिसाचं बटण, उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधायचं. लोकर: सात नंबर, ड्रायर नाही. साबण सांगतात त्याच्या निम्मा, नाहीतर तो कापडातच बसून राहतो आणि कापड मळकट दिसतं. ड्रम अर्ध्याहून थोडाच वर भरायचा, कपड्याला लोळायला जागा पाहिजे. ड्रायर कमी उष्णतेवर, पंचवीस मिनिटं. किंचित ओलसर असतानाच बाहेर काढायचं, दोन्ही हातांनी झटकायचं आणि लगेच हँगरवर. बदक म्हणजे इस्त्री निघाली, सुरकुत्या कमी पडायचं बटण आहे ते. बिचाऱ्या बदकाला उगाच नावं ठेवली.

ह्या सगळ्याला रोज अर्धा तास जास्त लागतो. तो मी माझा घालते, सकाळी लवकर येऊन.

लिफ्टजवळ पाटी लावली: कपडे उलटे करून द्यावेत. बटणं, चेन लावून द्यावीत. खिसे तपासावेत. पहिल्या दिवसाचा निकाल असा की बेचाळीस टोपल्यांत उलटा कपडा शून्य, आणि एका खिशातून वरची कवळी निघाली. ती तीस अंशांवर छान धुतली गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सतरा नंबरचे आजोबा स्वतः लिफ्टनं खाली आले. एके काळी बँड चालवायचे, म्हणून सगळे त्यांना बँडमास्तर म्हणतात, आणि तेही तसंच सांगतात. हातात काळी विजार.

"ही विजार पुन्हा काळी कुणी केली?"

"कुणी नाही. तिच्यावर टॉवेलांची लव बसली होती. टॉवेल वेगळे केले."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि लिफ्टचं बटण काठीनं दाबलं. दिवस बरा गेला.

आणखी एक काम सुरू केलंय. ड्रायरच्या जाळीत जो भुगा साचतो तो लोकांना कचरा वाटतो. कचरा कसला, तो कपडाच असतो, रोज थोडा थोडा झिजलेला. दोन काचेच्या बरण्या आणल्यात. त्याच दहा शर्टांचा भुगा, एकीत तीन नंबरच्या धुण्याचा, दुसरीत कमी उष्णतेचा. पहिली अर्धी भरली. दुसरीचा तळ जेमतेम झाकलाय. मिनिटसाहेबांना दाखवणार आहे. डोळे आहेत त्यांना, दिसेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ नंबरनं लोकरीचं काही पाठवलं नाही. पण आज चार स्कर्ट आले. राखाडी, निळा, तपकिरी, हिरवा. चारही एकाच कापडाचे आणि एकाच बेताचे, हौस म्हणून कुठे काही नाही. मी ठरवलं की बाई, तुम्हाला आता असं काम दाखवते की पुन्हा वीत काढायची सोय राहणार नाही.

थंड पाण्यात, पिसाच्या बटणावर, एकेक स्वतंत्र अभ्र्यात. चुण्या हातानं बसवल्या, ओलं फडकं ठेवून इस्त्री केली. कमरपट्टीच्या आत दोऱ्याच्या गाठी तशाच राहिलेल्या होत्या. राखाडीला एक, निळ्याला दोन, तपकिरीला तीन, हिरव्याला चार. जन्मभर सुई चालवलेली बाई आणि दोरे तोडायला विसरते! वय, दुसरं काय. मी बारीक कात्रीनं एकूण एक गाठ काढून टाकली. आतून बघा की बाहेरून बघा, नवेकोरे.

आता बोलून दाखव म्हणावं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नऊ नंबरची टोपली रिकामी आली. टोपल्या खाली आणते ती वरच्या मजल्यावरची मदतनीस. ताडमाड उंच आहे, तिला लांबोडी म्हणतात आणि ती त्या नावाला खुशाल ओ देते.

"बाई आता तुमच्याकडे काहीच देणार नाहीत," लांबोडी म्हणाली. "बेसिनमध्ये स्वतः धुतात."

"का? स्कर्ट पसंत नाही पडले?"

"फार चिडल्यात. म्हणतात, तिला आत हात घालायला कुणी सांगितलं होतं?"

आत हात घालायचा नाही तर धुवायचं कसं? करायला जावं चांगलं तर हे ऐकावं लागतं. दुपारी ती मला बैठकीच्या खोलीत दिसली. निळ्या ब्लाउजवर हिरवा स्कर्ट, आणि मान अशी वर की मी समोरून गेले तरी ओळख नाही. रोज रंगाला रंग लावून बसणारी बाई! माझ्यावर राग आहे म्हणून स्वतःचं ध्यान करून घ्यायचं, ही कुठली तऱ्हा? मीही बोलले नाही.

बरण्या घेऊन मिनिटसाहेबांकडे गेले. त्यांनी त्या टेबलावरून लांब सरकवल्या.

"हे काय आहे?"

"तुमचे लोक," मी म्हटलं. "म्हणजे त्यांचे शर्ट. ही बरणी तुमच्या तीन नंबरची."

"मी सांगितलेला क्रमांक सोडून तुम्ही दुसरं काही चालवताय का?"

आता इथे शहाण्या बाईनं गप्प बसायचं असतं. मी सगळं सांगितलं, फूल, पीस, बदक, सगळं. ते सतरा मिनिटं ऐकत होते. मोजायची सवय त्यांची, पण भिंतीवरचं घड्याळ माझ्याच समोर होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी येऊन बघते तर दोन्ही मशीनच्या बटणांवर पत्रा ठोकलेला. स्टीलचा, चार स्क्रूंनी बसवलेला, आणि त्याला एकच गोल भोक, तीन नंबरच्या बटणापुरतं. ड्रायरलाही तसाच. एखाद्या माणसाला डोक्यावरून पोतं घालावं आणि एका नाकपुडीपुरतं भोक ठेवावं, तसं ते दिसत होतं.

लोण्याच्या सुरीनं चार मिनिटांत एक पत्रा काढला. चार मिनिटं, साहेब. लिहून ठेवा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेखी ताकीद मिळाली. पत्रा पुन्हा बसवलाय, आता स्क्रू नाहीत, रिव्हेट मारलेत. ताकिदीची एक प्रत माझ्या भिंतीवर, नियमाच्या शेजारी. पुन्हा पत्र्याला हात लावला तर नोकरी गेली.

मी ताकीद वाचत असतानाच बँडमास्तर विजार द्यायला आले. त्यांनीही चष्मा लावून ती सगळी वाचली, मोठ्यानं. मग पत्र्याजवळ गेले, भोकातून वाकून बघितलं आणि विजारीची घडी पुन्हा काखेत मारली.

"ही राहू दे," म्हणाले. "परत नेतो."

घ्या. ज्यांनी सलाम ठोकला त्यांचाही विश्वास उडाला. ते तरी काय करतील? काळी विजार आहे, तीन नंबरवर मीच टाकणार होते.

घरी ह्यांना सांगितलं. "काढतील ते तुला," हे म्हणाले.

"काढू देत. पण मी राजीनामा देणार नाही."

"म्हणजे चुलीत वचन गेलं, आता नोकरी?"

"तुम्ही छत्तीस वर्षं बस चालवलीत. तुम्हाला कुणी सांगितलं असतं की चढ असो, उतार असो, गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा, तर?"

ह्यांनी हवेतच गिअर बदलून बघितला. मग म्हणाले, "मी त्याला गाडीत बसवून चढावर नेला असता."

निदान घरात तरी माझ्या बाजूनं एक माणूस आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चादरी आणि टॉवेल तेवढे नेहमीएवढे खाली आले. शर्ट अकरा, स्कर्ट दोन, बाकी टोपल्या रिकाम्या. सोमवारी एवढा ढीग असतो की टेबल दिसत नाही. आज मी टेबल पुसलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शर्ट एक. तोही चुकून आला म्हणे, दुपारी लांबोडी येऊन न धुताच परत घेऊन गेली. मी विचारलं, "अगं, चाललंय काय वर?"

"मला बोलायची बंदी आहे," असं म्हणून तोंडावर हात ठेवून पळाली. हसत होती. हसू दे. दुसऱ्याच्या फजितीला हसायला काय लागतं?

म्हणजे सगळ्यांना कळलंय. एक कार्डिगन, आणि मग नऊ नंबरनं गावभर केलं असणार की खालची बाई कपडे बिघडवते. सगळे आता बेसिनमध्ये धुत असणार. पण एक गोष्ट मला उलगडत नाही. धुतात तर मग बँडमास्तर सोमवारपासून त्याच पट्ट्यांच्या शर्टात का? पोटावर चहाचा डाग, त्याच्या शेजारी आता सूपचाही. मला बघून त्यांनी पुन्हा सलाम ठोकला. वयामुळे विसरले असतील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कपडे शून्य. दिवसभर दोन्ही मशीनच्या रबराच्या कडा पुसल्या, ड्रायरच्या जाळ्या धुतल्या, साबणाचे कप्पे दात घासायच्या ब्रशनं घासले. तळघर इतकं लख्ख कधी नसेल.

वर गेले तर जिन्यातच वास. नऊ नंबरच्या दारावरून जाताना तिनं आतून हाक मारली. माझी पावलं कशी ओळखली कोण जाणे.

"धुलाईवाली ना? साहेबांचं नाक कसं आहे?"

"त्यांच्या नाकाला काय झालंय?"

"अजून काही नाही? बरं. जा."

इतका राग आला! नोकरी जायची वेळ आलीय माझी आणि ही बाई कोडी घालते. टेबलावर ते आटलेलं आकाशी कार्डिगन. गरम पाण्याच्या पिशवीला घातलंय, बटणं लावून. जाता-येता मला दिसावं म्हणून.

घरी ह्यांना सांगितलं तर हे आधी विचारात पडले आणि मग खो खो हसायला लागले. "अगं, ते तुझ्यावर नाही रागावलेले," म्हणाले. मी म्हटलं, तुमचं डोकं अजून स्टेअरिंगवरच आहे. धुलाईतलं तुम्हाला काय कळतं.

१ मार्च, शनिवार

उद्या महिन्याचा पहिला रविवार, घरची माणसं भेटायला यायचा दिवस. मला सुट्टी. सोमवारी काढून टाकतील असं वाटतं.

काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. रडायचं नाही, हात जोडायचे नाहीत. म्हणायचं, साहेब, माझ्या हातून एकच कपडा बिघडला आणि तो तुमचं ऐकलं म्हणून. बाकी ज्या दिवशी मी ऐकलं नाही त्या दिवशीचा एक तरी कपडा दाखवा. बास. मग पिशवी उचलायची.

पण नऊ नंबरचं मनाला लागून राहिलंय, खोटं कशाला बोलू. बाकी एकेचाळीस जण काय म्हणतात त्याचं मला एवढं नाही. त्या बाईनं माझ्या हातात लोकरीचं काही पुन्हा द्यावं, एवढंच हवं होतं. ते आता व्हायचं नाही.

३ मार्च, सोमवार

आजचं आजच लिहिते.

नऊ वाजता मिनिटसाहेबांनी बोलावलं. खोलीच्या सगळ्या खिडक्या उघड्या, बाहेर गारठा, आणि साहेब त्या आखूड बाह्यांच्या स्वेटरमध्ये कुडकुडत बसलेले. मी माझं भाषण सुरू करणार, तोच त्यांनी हात वर केला.

"काल एकतीस कुटुंबं आली होती. एकोणतीस जणांनी मला एकच प्रश्न विचारला."

"कुठला?"

"वास कसला येतोय."

त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली.

"आठवडाभर एकानंही कपडे बदलले नाहीत! सतरा नंबरनं बैठकीच्या खोलीत उभं राहून लेकीला सांगितलं की पत्रा निघेपर्यंत हा शर्ट अंगावरून निघणार नाही. आणि नऊ नंबरनं ते कार्डिगन हातोहात फिरवलं. प्रत्येकाला सांगत होत्या, हे बघा, ह्याला म्हणतात तीन नंबर."

"म्हणजे..." मी भाषण विसरले. "म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "तुमच्यावर? बाई, तुमच्यासाठी बेचाळीस माणसं घाणेरडी राहिली."

दहा वाजता कारागीर आला आणि त्यानं रिव्हेट तोडले. साहेब शेजारी उभे होते, पण घड्याळ बघत नव्हते. "चादरी आणि टॉवेल मात्र साठ अंशांवरच," ते म्हणाले.

"ते मी पहिल्यापासून म्हणतेय."

"हं." जरा वेळानं, हळूच: "आणि हा स्वेटर?"

"सात नंबर. पण आटला तो आटला, साहेब. आता वाढायचा नाही."

एक पत्रा मी ठेवून घेतलाय. इस्त्री टेकवायला उत्तम.

अकरा वाजता लिफ्ट उघडली आणि लांबोडी टोपल्या ढकलत आली. चार फेऱ्या झाल्या. वास असा की मी रुमाल बांधला. पहिली टोपली टेबलावर उपडी केली आणि रुमाल डोळ्यांवर न्यावा लागला.

सगळे कपडे उलटे होते. एकूण एक. शर्टांची बटणं लावलेली, विजारींच्या चेन ओढलेल्या, खिसे बाहेर काढून झटकलेले. गडद वेगळे, पांढरे वेगळे, प्रत्येकाच्या टोपलीत मधे वर्तमानपत्राची घडी घालून. बँडमास्तरांचा पट्ट्यांचा शर्टसुद्धा, चहा आणि सूप आत करून. लिफ्टजवळची पाटी सगळ्यांनी वाचली होती तर. मी तिथेच टेबलाला टेकून रडले. लांबोडी म्हणाली, रडा, पण शर्टांवर नको, आधीच पुष्कळ झालंय त्यांचं.

शेवटची टोपली नऊ नंबरची. तळाशी एक वाइन रंगाचं कार्डिगन, तीच वीण, तोच हात. तेही उलटं. गळ्याच्या आत पाच गाठी. मी सवयीनं कात्री उचलली.

"अहो, थांबा!" लांबोडीनं माझं मनगटच धरलं. "त्या खुणा आहेत त्यांच्या! आता पुन्हा कापताय?"

"कसल्या खुणा?"

"रंगाच्या. बाईंना कुठे दिसतं? चार वर्षं झाली. गाठी मोजून कळतं कुठला कपडा ते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी तळघरातली. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खिडकीकडे तोंड, वितीनं मोजणं, निळ्यावर हिरवा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला घमेंड म्हणत होते. आणि माझ्या शहाण्या कात्रीनं एका दुपारात तिचे चारही स्कर्ट एका रंगाचे करून टाकले.

आणि तरीही तिनं हे कार्डिगन पाठवलं.

थंड पाणी, सात नंबर. बारा मिनिटं मी मशीनसमोर स्टूल टाकून बसले, काचेतून बघत. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं, पिळलं नाही. दुसऱ्या टॉवेलवर आडवं, बाह्या सरळ, गाठी जागच्या जागी.

५ मार्च, बुधवार

काल पूर्ण सुकलं नव्हतं. घाई केली नाही. आज दुपारी घेऊन वर गेले, माझा सुई-दोऱ्याचा डबाही घेतला.

"बाई, मी आलेय. धुलाईतली."

"पावलं कळतात तुझी. दाणदाण चालतेस."

मी कार्डिगन तिच्या हातात दिलं. तिनं आधी गळ्याच्या आत बोट घातलं आणि गाठी मोजल्या. मग बाही मांडीवर सरळ केली. वीत, मग वीत, मग बोटं.

"दोन वीत चार बोटं," ती म्हणाली.

"तेवढीच?"

"तेवढीच." तिनं ते घातलं, बटणं लावली, आणि मग माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "तुला सांगायला हवं होतं मी. पण आंधळी आहे म्हटलं की लोक कपडे निवडायलाच मागे लागतात. हे घाल, ते घाल."

"मी विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं." तिनं कपाट उघडून चारही स्कर्ट बाहेर काढले आणि माझ्या मांडीवर टाकले. "बघतेस काय? ओव दोरा."

मी दोरा ओवला. "राखाडीला किती?"

"एक. निळ्याला दोन. पुढचं तुला पाठच असेल, कापताना मोजल्याच असतील."

मोजल्या होत्या. तिनं पहिली गाठ चाचपली आणि नापसंतीचा आवाज काढला.

"घट्ट मार. तीन नंबरवर टाकलं तरी सुटता कामा नये."

"तीन नंबरवर टाकतंय कोण!" मी म्हटलं, आणि दात लावून दोरा तोडला.